चोर म्हणा, येडा म्हणू नका

माझ्या भावाचं पोट बिघडलेलं असतं, ही गोष्ट आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. कुणी बेलफळ आणून द्यायचं, कुणी हिंग घातलेलं ताक सुचवायचं. शेजारची काकू तर एवढी मायाळू, की भाजलेल्या ओव्याची पुडी करून स्वतःच्या हातानं त्याच्या सदऱ्याच्या खिशात घालायची. "चघळत जा रे बाबा, वारा सरंल." आणि माझा भाऊ मान खाली घालून "हाव काकू" म्हणायचा.

त्याच्या पोटाला कधीही काही झालं नव्हतं. चार भाकरी, वर ठेचा, वर कांदा, आणि थोड्या वेळानं पुन्हा "माय, काय हाय खायला?" असलं ते पोट. बिघडलं होतं ते डोकं.

नांदेडला कॉलेजात असताना ते सुरू झालं. एक दिवस अनवाणी घरी आला आणि म्हणाला, खोलीतली पोरं भिंतीआडून माझ्यावर बोलतात. आम्ही म्हटलं, रॅगिंग असेल. मग आमच्या घराच्या भिंतीतूनही बोलणं ऐकू यायला लागलं. मग एका सकाळी तो शेतातल्या विहिरीत कडेकडेनं उतरत गेला, कारण खालून कुणीतरी हाक मारत होतं. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला बैलाच्या कासऱ्यानं, म्हणजे दोरानं, वर काढला आणि दुसऱ्याच दिवशी लातूरला डॉक्टरकडे नेला. गोळ्या सुरू झाल्या. दोनेक महिन्यांत पोरगा माणसात आला. गोळी चुकली नाही तर तो शेत करतो, बैलं सांभाळतो, माझ्यापेक्षा शांतपणे बोलतो. आता माझ्यापेक्षा शांत बोलायला फार काही लागत नाही म्हणा. मी एसटीत कंडक्टर आहे, मुखेडच्या गाड्यांवर. दाराला लोंबकळणाऱ्यांवर ओरडून ओरडून माझा आवाज कायमचा वर चढलाय.

दादा गेले आणि घराची सूत्रं मायच्या हातात आली. मायचा एकच कायदा: झाकली मूठ सव्वा लाखाची. लातूरला जायचं ते 'पोटाच्या डॉक्टरकडं'. गोळ्या पाकिटातून काढून चूर्णाच्या डब्यात टाकायच्या. पाकिटं, डॉक्टरांचे कागद, सगळं चुलीत. "उद्या कुणी पाव्हणीनं कपाट उघडलं तर?" भाऊ बांधावर एकटा पुटपुटताना दिसला की माय सांगायची, अभंग पाठ करून राहिला. शेवटी भजनी मंडळवाल्यांनी त्याला ओढूनच नेलं. बिचाऱ्याला खरंच अभंग पाठ करावे लागले. आता चांगला म्हणतो.

मायला नावं ठेवणं सोपं आहे, मी पुष्कळ ठेवली आहेत. पण तिच्या माहेरी, निलंग्याकडे, तिचा एक भाऊ उघडउघड वेडा होता. अंगणात बांधून ठेवायचे त्याला. त्यामुळं माझ्या एका मावशीला कुणी मागणीच घातली नाही. ती मावशी अजून तिथंच आहे, पिकलेल्या केसांची, भावजयांची धुणी धूत. तिचं नाव काढलं की माय पदर तोंडाला लावते. म्हणून मी लातूरच्या वाऱ्यांना जायचे, डब्यात गोळ्या भरायचे आणि गप्प बसायचे. माझं लग्न त्या झाकल्या मुठीतच झालं होतं.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या लेकीला मुरुडचं स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं तोलूनमापून बोलणारी. पोरगी पसंत पडली. राहिलं होतं ते एवढंच, की त्यांची बायामाणसं एकदा आजोळ बघून जाणार. आमच्यात आजोळ बघतात. आईकडचं रक्त कसं आहे ते तिथं कळतं म्हणे.

ती यायची होती त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, मी मुखेड–उदगीर गाडीवर होते. गाडी खच्चून भरलेली. जांब गाव सोडलं आणि मायचा फोन आला. माय मला ड्यूटीवर कधी फोन करत नाही.

"त्याला देवणीत धरलंय," ती म्हणाली. "बैल चोरला म्हनून राहिले. पोलिसात नेलंय."

"कुणाला? माय, कुणाला धरलंय?"

"कुणाला म्हंजे? लेक किती हायत मला?" आणि लगेच आवाज खाली. "कुणाला बोलू नको. मी उदगीरला येऊन राहिले. स्टँडवर थांब."

बस. फोन बंद. आणि माझ्यासमोर गाडीभर माणसं, हातात तिकिटाचं मशीन. एका म्हातारीला मी उदगीरऐवजी भलतंच तिकीट दिलं, ती भांडायला उठली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी उलट बोलले नाही. बैल चोरला? त्यानं? जो दुसऱ्याच्या शेतातलं बोर उचलताना आधी हाक मारतो? खिडकीतून रस्ता मागं जात होता आणि मला वाटत होतं गाडी जागच्या जागी उभी आहे. ड्रायव्हरला ओरडून सांगावं, थांबू नकोस, कुणासाठी थांबू नकोस. पण दर फाट्यावर कुणीतरी हात करायचं आणि बेल माझ्याच हातानं वाजायची.

बैल जाऊ दे. पोलिसही जाऊ दे. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: आज संध्याकाळची गोळी. कोठडीत त्याला ती कोण देणार? उद्या कोर्टात उभं केलं आणि तिथून जेलात पाठवलं तर परवाची कोण देणार? गोळी राहिली की भिंती बोलतात. आणि कोठडीला तर चारी बाजूंनी भिंतीच.

उदगीरला कंट्रोलरच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं मी. घरात अचानक आजारपण आहे म्हटलं. त्यानं माझं तोंड बघितलं आणि दुसरा कंडक्टर दिला. माय स्टँडच्या पाणपोईजवळ उभी होती, हातात कापडी पिशवी, डोक्यावरून पदर नाकापर्यंत. काळी-पिवळी जीप पकडली. मागच्या बाकावर आम्ही दोघी, समोर अनोळखी माणसं, म्हणून सगळं भांडण कुजबुजीत झालं.

"गोळी कधी चुकली?" मी विचारलं.

माय खिडकीबाहेर बघत राहिली.

"माय, मी काय विचारून राहिले?"

"चुकली न्हाई," ती म्हणाली. "मीच दिली न्हाई. मुरुडची मान्सं येणार. गोळीनं तो पेंगतो, हात थरथरतो, तुला म्हाईत हाय. म्हटलं, पाव्हण्यांसमोर ताजातवाना दिसू दे. चार दिवसांनी काय व्हतंय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. माझ्याच लेकीच्या सोयरिकीसाठी तिनं स्वतःच्या लेकाचं औषध बंद केलं होतं. आणि तो खरंच ताजातवाना झाला होता. इतका, की पहाटे आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, कुणाला न सांगता देवणीचा बैलबाजार बघायला निघून गेला. लहानपणी दादा त्याला बोट धरून तिथं न्यायचे.

"आता ऐक," मी म्हटलं. "तिथं गेल्या गेल्या सांगायचं, तो आजारी आहे. लातूरला औषध चालू आहे. आजारी माणसाला कोठडीत न घालता दवाखान्यात न्यायची सोय कायद्यात असते, मला डॉक्टरांनी मागं सांगितलं होतं."

मायनं माझं मनगट धरलं. हाडात बोटं रुतली तिची.

"चोर म्हणू दे त्याला. येडा म्हणू नको."

"अगं माय—"

"चोराला जामीन भेटतो, येड्याला भेटत न्हाई. चोर उद्या सुटून येतो, गाव चार दिवस बोलतं, इसरतं. येडं म्हटलं की सात पिढ्या. तुझ्या लेकीला मावशीसारखी बसवायची हाय का घरात?"

खोटं कशाला बोलू? लेकीचा चेहराच आला डोळ्यांपुढं. तिनं परवाच साडीचा रंग ठरवला होता.

ठाण्यात तो बाकावर बसला होता. ओठ फुटलेला, सदऱ्याची बाही फाटलेली. बाजारातल्या माणसांनी धरल्याबरोबर मारलं होतं. मला बघून हसला. "अक्का, दादांचा बैल सापडला बग. डिट्टो. डोळ्यावर काळा ठिपका, मानंवर काळा ठिपका. दादा म्हनले, आन त्याला घरी." दादांना जाऊन कैक वर्षं झाली होती. हे सगळं तो गोड आवाजात, हळू बोलला, त्यामुळं शेजारी उभ्या शिपायाला ऐकूच गेलं नाही. मला मात्र सगळं ऐकू आलं.

समोर खुर्चीत फौजदार, आणि बाजूला बैलाचा व्यापारी. तापलेला.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. बाजूच्याला काही कळत नाही. जमलं की घेणारा इसार देतो, म्हणजे थोडी रक्कम खूण म्हणून, आणि विकणारा कासरा त्याच्या हातात देतो. कासरा हातात आला की बैल तुमचा. माझ्या भावाला हे सगळं बाळपणापासून पाठ. त्यानं त्या बैलाचे दात बघितले, खांद्यावरचं वशिंड चाचपलं, खूर बघितले, आणि रुमालाखाली हात घातला. व्यापाऱ्याला दोन बोटांतच कळलं की गिऱ्हाईक काही खरं नाही. आकडा ना धड वर ना खाली. चारचौघं हसायला लागली. व्यापाऱ्यानंही गंमत म्हणून मान हलवली: "बरं, दिला. काढ इसार." भावानं खिशात हात घातला आणि काकूची ओव्याची पुडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. मोठा हशा झाला. व्यापाऱ्यानं हसत हसत कासरा त्याच्या हातात दिला आणि टपरीवर चहाला गेला. परत येऊन बघतो तर बैल नाही. दोघंही पुढच्या गावाच्या रस्त्याला लागलेले, निवांत.

"थट्टा केली हो साहेब," व्यापारी म्हणाला. "मला काय माहीत, हा खरंच घेऊन जाईल? लई पोचलेला चोर आहे. दात काय बघतो, वशिंड काय दाबतो!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात माय पुढं झाली. "सौदा झाला ना? इसार घेतला ना? कासरा कुणी दिला हातात? यानंच ना? मग चोरी कसली, सायब?"

हुशार बाई! क्षणभर मलाही वाटलं, सुटलो. फौजदारांनी टेबलावरची पुडी बोटानं ढकलली. "मावशी, इसार म्हणून ओवा दिला तुमच्या पोरानं. म्हणजे चोरी नाही तर फसवणूक लिहू का? शहाण्या माणसानं ओव्यावर बैल नेला, याला मी काय म्हणू?"

"शहाणाच हाय तो," माय म्हणाली. आगीतून निघून फुफाट्यात गेलो होतो, आणि तिला ते दिसतच नव्हतं.

तेवढ्यात माझी नजर भावाकडे गेली. त्यानं मान डावीकडे कलती केली होती. भिंतीकडे. अंगठ्यानं तो बोटांची पेरं एकेक करून चोळत होता. विहिरीत उतरला त्याच्या आदल्या दिवशीही तो असाच बसला होता, ओसरीवर, आणि आम्ही सगळे ज्वारी निवडत होतो. साडी, मुरुड, लेक, सगळं विसरले मी.

"साहेब, तो आजारी आहे," मी म्हटलं, म्हणजे ओरडलेच. "डोक्याचा आजार आहे. भास होतात. लातूरला औषध चालू आहे, चार दिवस गोळी चुकली म्हणून हे झालं. त्याला कोठडीत एकटा ठेवू नका. दवाखान्यात पाठवा, मी पाया पडते तुमच्या."

फौजदार पुढं झुकले. आणि माझी माय, जिनं मला नऊ महिने पोटात वाढवलं, ती म्हणाली:

"हिचं ऐकू नका, सायब. हिचा डोळा शेतावर हाय. भावाला येडा ठरवला की सगळं हिचं."

कानफटात बसली असती तरी एवढं लागलं नसतं. आणि वाक्य तरी कसं अचूक! असल्या बहिणी, असले चुलते त्या खुर्चीसमोर रोज उभे राहत असणार. फौजदारांचा चेहरा बघता बघता बदलला. "कागद आहेत का काही, ताई? डॉक्टरांची चिठ्ठी?"

कागद! चुलीत गेलेले. गोळ्या चूर्णाच्या डब्यात. डॉक्टरांना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गावात कुणालाही विचारा म्हणावं, तर अख्खं गाव शपथेवर सांगेल, पोरगा सोन्यासारखा आहे, अभंग म्हणतो, फक्त पोटाची तक्रार आहे. इतकी वर्षं आम्ही एवढं चोख काम केलं होतं, की आता खरं बोलायला साक्षीदारच उरला नव्हता.

"खोटं बोलून मला काय मिळणार हो?" मी म्हटलं, आणि मला रडू आलं. रागाचं रडू. "मी कंडक्टर आहे, साहेब, मला नोकरी आहे, मला नको त्याचं ढेकूळही!"

"सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी हाताची घडी घातली आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. "त्याची आई सांगते शहाणा, बहीण सांगते आजारी. माझ्यापुढं तक्रार आहे. आईनं सांगितलं असतं तर मी आत्ता गाडी काढून दवाखान्यात तपासायला पाठवलं असतं. बरं, त्यालाच विचारू." ते भावाकडे वळले. "काय रे बाबा, तुला काही आजार आहे का?"

त्यानं भिंतीवरची नजर काढली. किती कष्टानं काढली ते मला दिसलं. पाण्यातून डोकं वर काढावं तसं. त्यानं आधी फौजदारांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवत होते: सांग, सांग रे राजा. मग त्यानं मायकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पोटाचा," तो म्हणाला.

"काय?"

"पोटाचा आजार हाय, सायब. वारा धरतो. म्हनून ओवा ठेवतो खिशात."

शिपाई हसला. व्यापारी म्हणाला, "बघा, कसा सरळ बोलतो!" फौजदारांनी सुस्कारा सोडून पेन उचललं. आणि भाऊ मायकडे बघतच होता, शाळेत पाठ केलेली कविता न चुकता म्हणून झाल्यावर पोरं बाईंकडे बघतात तसा. बरोबर म्हणालो ना? डोक्यात सगळा कालवा चालू असताना, ओठातून रक्त येत असताना, त्यानं मायचा कायदा मोडला नव्हता.

मायच्या हातातली पिशवी खाली पडली. मी तिच्याकडे बघितलं नाही, माझा जीव जळत होता. पण तिचा आवाज ऐकला, आणि तो मला ओळखूच आला नाही.

"पोट न्हाई, सायब."

फौजदार थांबले.

"पोट लई चांगलं हाय त्याचं. चार भाकरी खातो माजा लेक. पोटाला कधी काई झालं न्हाई." ती टेबलाला धरून उभी होती. "डोकं हाय. कालिजात असल्यापासून हाय. भिंतीतून बोलल्यालं ऐकू येतं त्याला. हिरीत उतरला व्हता. गोळी हाय, ती मीच बंद केली. हिनं न्हाई, मी. ही खरं बोलून राहिली. हिला शेत नको, काई नको. माजा लेक येडा हाय, सायब. लिव्हा. येडा हाय. पर त्याला आत नका घालू, तितं त्याच्याशी भिंती बोलतील."

मग ती मटकन खाली बसली आणि सगळ्यांसमोर, परक्या पुरुषांसमोर, पदर डोक्यावरून घसरलेला, मोठ्यानं रडली. भाऊ उठून तिच्याजवळ गेला. शिपायानं अडवलं नाही. "माय, रडू नको," तो म्हणाला. "मी सांगितलं ना पोटाचा म्हनून."

व्यापारी आधी उठला. बैल मिळालाय, मला कोर्टाच्या चकरा मारायची हौस नाही, असं काहीतरी म्हणाला आणि दारातून वळून पुन्हा आत आला. "कासरा मीच दिला होता हो," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. जाताना ओव्याची पुडी त्यानं परत टेबलावर ठेवली. फौजदारांनी गुन्हा न लिहिता तपासणीसाठी पाठवतो असं लिहिलं, बरोबर शिपाई दिला, आणि दिवस मावळायच्या आत आम्ही लातूरच्या सरकारी दवाखान्यात होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून? माझ्याआधी मायच बोलली. पहिल्या अनवाणी दिवसापासून सगळं सांगितलं तिनं, काही गाळलं नाही. मला वाटायचं, ती हे सगळं विसरायला बघते. विसरली नव्हती बाई, एक अक्षर विसरली नव्हती.

मुरुडला मी दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे. मुलाच्या आईनं शांतपणे ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलं. घरात बोलते, कळवते." अजून कळवलेलं नाही. कळवतील असं मला वाटतही नाही, तरी फोन वाजला की आधी मुरुडचा नंबर आहे का बघते. लेकीला सांगितलं तेव्हा ती आधी रडली, साडीची घडी घालून कपाटात ठेवली, आणि मग माझ्यावरच उखडली: "मामाला लपवून लग्न केलं असतं तर दिवाळीला त्याला बोलवलं कसं असतं गं मी? पोटाचा पेशंट म्हणून?" तोंड माझ्यावर गेलंय तिचं.

भीती गेली म्हणाल तर नाही. बाजाराच्या दिवशी मी अजून दोनदा घरी फोन करते. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आहे, आता पेंग कमी येते, पण गोळी शेवटी गोळी; एक चुकली की पुन्हा तेच. आणि सगळ्याच ठाण्यांत ते फौजदार बसलेले नसतात. दुसरा कुणी असता तर? माय बोलली नसती तर? गाडीत तिकिटं फाडताना मध्येच हे मनात येतं आणि मशीनवर माझं बोट थांबतं. पाठीमागून माणसं ओरडतात, "ओ बाई, सुट्टे द्या की."

भाऊ दवाखान्यातून घरी आला त्यानंतरच्या रविवारी मी गावी होते. माय ओट्यावर बसली होती, तो आत जेवत होता. शेजारची काकू आली, हातात नेहमीची पुडी. देवणीचं काहीबाही तिच्या कानावर आलं असणार, पण ती भली बाई, तिनं नेहमीचंच विचारलं, "पोट कसं हाय आता त्याचं?"

मी मायकडे बघितलं. समोरच्या ओट्यावर माणसं होती, हौदावर बाया होत्या.

"पोटाला कधी काय झालंच नव्हतं, जाऊबाई," माय म्हणाली, आणि हळू नाही म्हणाली. "डोक्याची गोळी चालू हाय त्याला. लातूरची. इतकी वर्सं तुमाला खोटं सांगितलं." मग आत तोंड करून तिनं हाक मारली, अशी खणखणीत की हौदावरच्या बायांच्या घागरी जागच्या जागी थांबल्या: "गोळी घेतली का रे?"

"घेतली!" आतून भाकरी भरल्या तोंडाचा आवाज आला.

काकूला काय करावं कळेना. तिनं पुडी परत कनवटीला लावायला घेतली. तेव्हा मायनं हात पुढं केला.

"ठेवा ती हितं," ती म्हणाली. "मला लागंल. त्या दिवसापसून माजंच पोट ठिकाणावर न्हाई."